मेफ्लॉवरचा लोखंडी स्क्रू

मेफ्लॉवर हे मुळात मालवाहू जहाज. फ्रान्सहून वाईन लंडनला आणणं हा त्याचा धंदा. 1620 मध्ये त्यात अमेरिकेत वसाहत करायला निघालेले 102 इंग्रज प्रवासी चढले (काही जण आधी हॉलंडमध्ये राहून आलेले), तेही मधल्या ठेंगण्या मजल्यावर, जिथे उंच माणसाला ताठ उभं राहायची सोय नाही. सोबत स्पीडवेल नावाचं दुसरं जहाज होतं. ते गळायला लागलं म्हणून दोनदा मागे फिरावं लागलं, शेवटी त्याचा नाद सोडला. या घोळात हवेचे चांगले दिवस गेले आणि इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघायला 6 सप्टेंबर उजाडला (आजच्या कॅलेंडरने 16).

अर्ध्या वाटेत वादळांनी गाठलं. वरून पाणी गळत होतंच, त्यात मधली एक मुख्य तुळई वाकून तडकली. परत फिरायचं का, यावर कप्तान क्रिस्टोफर जोन्स, खलाशी आणि प्रवासी यांची मसलत बसली. पुढे अमेरिकेतल्या त्या वसाहतीचा गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने खलाशांची अडचण सरळ लिहून ठेवली आहे: पगार हवा होता, पण त्यापायी जीव घालवायचा नव्हता.

प्रवाशांनी हॉलंडहून एक मोठा लोखंडी स्क्रू आणला होता. त्याने तुळई जागेवर उचलली, खाली खांब दिला, तो खालच्या डेकवर पक्का बसवला. फटी बुजवल्या आणि निघाले पुढे.

ब्रॅडफर्डचा हा उतारा मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घराची तुळई खचली, तेव्हा मिस्त्रीने हेच केलं होतं. "भिया, पेले उठाओ, फिर टेका लगाओ." ट्रकचा जॅक लावून रोज थोडासाच फिरवायचा, घाई केली तर वरची भिंत फाटते म्हणे. आम्ही वैतागायचो, तो निवांत बिडी ओढायचा. जहाजावरच्या सुताराला एवढी उसंत कुठली? शिवाय त्याची जमीनच हलत होती! याच प्रवासात जॉन हाउलँड नावाचा तरुण समुद्रात फेकला गेला. पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला म्हणून वाचला.

तो स्क्रू कशासाठी आणला होता यावर दोन तर्क आहेत. काही म्हणतात छापखान्याचा. हॉलंडमधल्या लायडेनला या मंडळींचा छापखाना होता, त्यामुळे ही कथा रंगतदार आहे. मला मात्र दुसरा तर्क पटतो: घरं उभारताना जड लाकडं उचलायचा जॅक. घर बांधायला निघालेला माणूस असली वस्तू आधी गाठोड्यात टाकणार.

9 नोव्हेंबरला (जुन्या कॅलेंडरने) अमेरिकेचा किनारा, केप कॉड, दिसला. पुढे तिथे वसवलेल्या, प्लिमथ याच नावाच्या वसाहतीत पहिल्या सामाईक घराचं काम सुरू झालं ते 25 डिसेंबरला. ही मंडळी नाताळ पाळतच नसत, त्यामुळे सुट्टीचा प्रश्न नव्हता.