चाळीस डिग्रीची मर्यादा

मालवणात माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. काच तडकलेले पण आतून धडधाकट असे सात जुने फोन मी विकत घेऊन ठेवले होते, ते रिसेट मारून त्यांच्यावर बॉइंक टाकलं. हे बर्कली विद्यापीठाचं सॉफ्टवेअर, अँड्रॉइडवर २०१३ पासून आहे, मोठ्या संशोधनाचं गणित तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या मशीनवर पाठवतं. त्यातला आइन्स्टाइन अ‍ॅट होम हा प्रकल्प मी घेतला होता, दुर्बिणींच्या डेटात पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठराविक वेळाने लहरींचे ठोके देणारे तारे शोधायचं काम. आपल्या दुकानातला फोन तारा शोधतोय हे मला खरंच भारी वाटायचं.

अ‍ॅपची मूळ सेटिंग अशी की फोन चार्जिंगला हवा, बॅटरी नव्वद टक्क्यांच्या वर हवी आणि तिचं तापमान चाळीसच्या खाली. आता मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी काय होणार, बारा वाजले की सातही फोन थांबलेले. मला ते बघवेना, म्हणून मी मर्यादा पंचेचाळीस केली. तिथेच चुकलं.

चौथ्या दिवशी दुपारी टेबलावरचा एक फोन बोट लावलं तर डुलायला लागला. पाठ वर आलेली, कडेची फट एवढी उघडलेली की आतली चंदेरी पिशवी दिसत होती. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, ह्यो केंड माशासारखो फुगलोहा!" मी आधी चार्जर काढला, फोन बंद केला, उघडायच्या भानगडीत पडलोच नाही कारण हत्याराचं टोक लागलं तर ती बॅटरी पेट घेऊ शकते, सरळ बाहेर नेऊन कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवला. तोवर हात थरथरत होते.

कारण नंतर नीट कळलं. काम चालायला फोन सतत चार्जिंगला, म्हणजे बॅटरी कायम फुल्ल, त्यात वर गरमी, अशाने लिथियमच्या बॅटरीत आतल्या आत गॅस धरतो. प्रोसेसरला त्या उष्णतेचं काही नव्हतं, मेली ती बॅटरी.

आता मर्यादा परत चाळीस, प्रोसेसरचे निम्मेच कोअर (गणित करणारे भाग) कामाला, तेही फक्त रात्री, फोन कव्हर काढून पंख्यासमोर उभे, आणि दर सकाळी प्रत्येकाच्या पाठीवरून बोट फिरवतो.

त्या फोनमधला तुकडा पाऊण झाला होता, तो गेला. मुदत संपल्यावर सर्व्हरने तोच दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनला दिला, आणि परवा बघितलं तर पूर्ण झालाय.