ठकीच्या झोपेची वही : तिसरा महिना

माझ्या मांजरांच्या झोपेच्या नोंदींची पहिली शंभरपानी वही रविवारी संपली. दुसरीत रकाने बदललेत आणि ते का बदलले हेच मुख्यतः सांगायचंय. पहिल्या वहीत शेवटचा रकाना होता ‘कशाचं स्वप्न’. तो आता काढून टाकला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी आमच्या दोन मांजरांची ओळख. ठकी तिरंगी, सहा वर्षांची, पावसात जिन्याखाली सापडलेली. बाळ्या कबरा बोका, सव्वा वर्षाचा. घर रत्नागिरीत. स्वयंपाकघराची खिडकी परसात उघडते, तिथे आंबा आहे आणि आंब्यावर दिवसभर खारी. दोघांची नजर त्या खिडकीला बांधलेली असते.

या महिन्यात सगळ्यात उपयोगी पडली ती मान. पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून मांजर बसतं ना, त्याला मी आजवर झोपच धरत होते. ती डुलकी. मान वर धरलेली असेपर्यंत स्वप्नाची झोप लागत नाही, कारण त्या झोपेत मेंदूच्या खोडाकडून, म्हणजे मेंदूच्या मणक्याला जोडलेल्या खालच्या भागाकडून, स्नायूंना सैल पडण्याचा हुकूम जातो आणि मानेचा ताणच संपतो. म्हणून आता मी मानेवर लक्ष ठेवते. आधी हनुवटी पंजावर टेकते. पंधरा-वीस मिनिटं श्वास एका लयीत चालतो. ठकीचे मिनिटाला 18 ते 22 मोजलेत. मग ती हळूच कुशीवर कलंडते, मान गादीवर पडते, श्वास मध्येच भरभर, मध्येच अडकल्यासारखा होतो. मिशा थरथरल्या की समजायचं, सुरू झालं. (गाढ झोपेतले श्वास मोजून ठेवाच. रोज तीसच्या वर जायला लागले तर डॉक्टरांना दाखवायचं, हा त्याचा आणखी एक उपयोग.)

या झोपेला 1959 च्या सुमाराला मिशेल जूवे या शास्त्रज्ञांनी ‘विरोधाभासी झोप’ म्हटलं. फ्रान्समध्ये ल्योनला त्यांचं काम चाललं होतं, तेही मांजरांवरच. मेंदू जागेपणीसारखा धावतोय आणि मानेचे स्नायू मात्र पार ढिले, हे त्यांनी नोंदवलं. पुढे त्यांनी मेंदूच्या खोडातला, स्नायू सैल करणारा भाग निकामी करून पाहिलं. त्या मांजरी झोपेतच उठल्या. मान उंचावून काहीतरी न्याहाळलं, दबा धरला, नसलेल्या सावजावर झेप घेतली. समोर खरं काही धरलं तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. आपण मांजराच्या स्वप्नाबद्दल आज जे खात्रीने बोलतो, त्याची किंमत त्या मांजरींनी मोजलीय. निदान आपण घरी बसून जे पाहतो ते तरी नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या रकान्याबद्दल. 14 तारखेला दुपारी ठकी खिडकीत बसून खारीकडे बघत होती. अर्धा तास तरी. खार जवळच्या फांदीवर आली की मांजरं जबडा कटकट कटकट हलवतात, तसा ती हलवत होती. मग उतरली, दिवाणावरच्या गोधडीवर येऊन झोपली. तीन वाजून दहा मिनिटांनी मान पडली. दोन मिनिटांनी खालचा ओठ किंचित सुटला आणि जबडा तसाच हलायला लागला, अगदी बारीक, आवाज न करता. पापण्या अर्धवट उघड्या होत्या, आतला पांढरा पडदा वर आलेला आणि त्याखाली बुबुळ फिरताना दिसत होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिलं : ‘खारीचं स्वप्न.’

रात्री मागची पानं चाळली. असाच जबडा हलल्याच्या आणखी सात नोंदी होत्या. त्यातल्या पाच दिवशी धो धो पाऊस, खिडकी बंद, खार दृष्टीसही पडलेली नव्हती.

याचा अर्थ ठकीला खार दिसलीच नसेल, असं मी म्हणत नाही. 2001 साली केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत पाहिलं, तर जागेपणी गोल वाटेवर धावताना मेंदूच्या पेशी ज्या क्रमाने चालत होत्या, तोच क्रम या विरोधाभासी झोपेत पुन्हा उमटत होता. उंदीर जर दिवसाची वाट झोपेत पुन्हा चालतो, तर मांजर आंब्याची फांदी का आठवणार नाही? खार कदाचित आठवड्यापूर्वीचीही असेल. पण ते पानावर लिहायला मला हक्क नाही. मी लिहू शकते ती वेळ, मान, श्वास, मिशा, जबडा, पंजा, शेपटीचं टोक आणि जागेपणी शेवटचा अर्धा तास काय घडलं ते. एवढेच रकाने ठेवलेत.

एक चूक सांगून ठेवते. बाळ्या झोपेत फिसकारत होता, मला त्याचं वाईट वाटलं आणि मी पाठीवर हात ठेवला. डोळे उघडायच्या आत त्याने मनगट धरलं. मग मला ओळखलं आणि तोच घाबरून कपाटाखाली गेला, संध्याकाळपर्यंत आला नाही. आता मध्ये हात घालत नाही. फार वाटलं तर लांबून हळू नावाने हाक मारते.

पुढच्या महिन्यासाठी मोठं काम हाती आलंय. शेजारच्या काकूंची मांजर मंगळवारी व्याली, चार पिल्लं. लाकडाच्या खोपटात, जुन्या धोतरावर. काकूंनी संध्याकाळी अर्धा तास लांबून बसायची परवानगी दिलीय. पिल्लांचे डोळे उघडायला सात ते दहा दिवस लागतात, पण त्या आधीच त्यांची बहुतेक झोप ही अशी थरथरणारी असते. जग पाहिलेलंच नाही, तर आत चाललंय काय? जूवे यांना वाटत होतं की या झोपेत मेंदू जन्मजात वागणुकीची उजळणी करत असावा. काल पाहिलं तेव्हा सगळ्यात लहान पिल्लू आईच्या पोटाशी उताणं पडलं होतं. तोंड दूध ओढल्यासारखं हलत होतं आणि पुढचा पंजा हवेत दोनदा दाबला गेला. वेळ सहा वाजून पाच मिनिटं. तेवढंच लिहिलंय.

कोणी पिल्लांच्या पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी ठेवल्या असतील तर तारखांसकट सांगा, पडताळून बघू.