पडाव की पडवी

राजापूरच्या बाजारपेठेत एका दुकानामागची जेमतेम दहा हात जागा. दोन चुलत घरांत तिच्यावरून दावा चाललेला. मोडीतलं खरेदीखत माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं लिप्यंतर आधीच झालेलं होतं. "ताई, तपासून फक्त सही करा," एवढंच वकिलांचं म्हणणं.

सन सलास समानीन मया व अलफ. अरबीत तीन, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर कालगणनेचं 1183, इसवी 1782-83. इथवर बरोबर होतं. चतुःसीमेत मात्र 'मागे पडवी लागावयाची जागा' असं वाचलेलं. पडवी काढतात, ती लागत नाही! मोडीत आधी पानभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. घाईच्या हातात 'ड'चा काना पुढच्या 'व'वर चढतो आणि वेलांटीसारखा दिसतो. त्याच कारकुनाचे सगळे 'डा' मी भिंगाखाली शोधले. सात सापडले, सातही तसेच. शब्द होता 'पडाव', म्हणजे मालाची होडी.

पानामागे दर ठरवून मोडी वाचायला देतात, मग असंच होतं. पण चूक नुसती घाईची नाही. आजची पेठ पाहून इथे गलबतं लागत होती हे मनातच येत नाही. आदिलशाहीत घाटावरची मिरी नि कापड याच बंदरात उतरायचं, इंग्रजांची वखार इथेच होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात तोफा डागायला गेलेल्या त्या इंग्रजांना महाराजांनी 1661 मध्ये इथूनच कैद केलं. पुढे अर्जुना नदी गाळाने भरत गेली, गलबतं येईनाशी झाली. आता नवा धंदा वर हायवेला सरकतोय, आणि धक्क्याच्या जागेवर दुकानांची पाठ आहे.

पडवी असती तर ती दहा हात जागा माझ्या पक्षकारांची ठरत होती. मी 'पडाव' लिहिलं. वकील नाराज झाले. पक्षकारांचे म्हातारे काका मात्र कागद हातात धरून बराच वेळ बसले.

"म्हणजे आमच्या मागीलदारी समुद्राचं पाणी होतं?"

"भरतीचं, हो."

"मग पाणी गेलं, तेव्हा ती जागा कोणाला देऊन गेलं?"

मला सांगता आलं नाही. त्या पानाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. रात्री मोठा करून बघते. काना 'ड'चाच आहे.