पाऊण डॉलरचं पुस्तक

सॅन फ्रान्सिस्कोतले पहिले तीन दिवस पूल, समुद्र आणि चढउतार यांतच गेले. लिहावंसं वाटतं ते कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरच्या २६१ नंबरबद्दल, म्हणजे सिटी लाइट्स या पुस्तकांच्या दुकानाबद्दल.

बहुतेक लोक शेजारच्या जॅक केरुअ‍ॅक गल्लीत फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात. याचा मला मनापासून राग येतो. जिना चढून वर कवितांच्या खोलीत जा. 'पॉकेट पोएट्स' मालिकेतलं चौथं पुस्तक, अ‍ॅलन गिन्सबर्ग यांचं 'हाऊल', हातात घ्या. काळ्या चौकटीत पांढरा तुकडा, आकार खिशात मावेल एवढा. १९५६ साली हजार प्रती निघाल्या, किंमत ७५ सेंट. बीट कवींचं, म्हणजे १९५०च्या दशकातल्या अमेरिकी बंडखोर कवींचं, बंड मला या आकारात आणि या किमतीत दिसतं. कविता श्रीमंतांच्या कपाटातून उतरून वाटेवरच्या माणसाच्या खिशात गेली.

छपाई इंग्लंडात होती आणि घोळ तिथेच झाला. बाहेरून येणारा माल, म्हणून मार्च १९५७मध्ये कस्टमने ५२० प्रती अश्लील ठरवून अडवल्या. सिटी लाइट्सचे मालक आणि या मालिकेचे प्रकाशक लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी तोच मजकूर अमेरिकेतच ऑफसेटवर छापायला घेतला, कारण देशात छापलेल्या पुस्तकाला कस्टम हात लावू शकत नाही. मग पोलीस आले. पुस्तक विकल्याबद्दल दुकानातल्या शिग मुराओंना अटक झाली. ३ ऑक्टोबरला न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी पुस्तक अश्लील नसल्याचा निकाल दिला.

'हाऊल' ही कविता लोकांसमोर पहिल्यांदा वाचली गेली ती ७ ऑक्टोबर १९५५ला, ३११९ फिलमोर स्ट्रीटवरच्या सिक्स गॅलरीत. ४५ नंबरची बस धरा, युनियन आणि फिलमोरच्या चौकात उतरा, मग उताराने चालत जा. गॅलरी आता नाही. आत काही बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. आणि जुलै असला तरी जॅकेट घ्या, संध्याकाळचा वारा बोचतो.

गिन्सबर्ग १९६२मध्ये मुंबईत आले आणि मग आपल्याकडे लघुअनियतकालिकं, म्हणजे कवी-लेखकांनी स्वतःच अधूनमधून काढलेले छोटे अंक, निघाली, असं सर्रास सांगितलं जातं. हे मला पटत नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर मंडळींचं सायक्लोस्टाइल केलेलं 'शब्द' त्याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकातच निघत होतं. तिकडे ऑफसेट, इकडे स्टेन्सिल आणि शाईचा रूळ. छापखान्याच्या मालकापुढे हात न पसरता कविता छापायची निकड दोन्हीकडे आपापली होती.