आज मॉनिटर कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड नीट जुळवून घेतले!
मित्राचा कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, आणला होता. आधी अर्धा तास स्क्रीन तापू दिली, नाइट लाइट बंद, मग ते यंत्र काचेला टेकवलं की सॉफ्टवेअर एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतं आणि यंत्र ते मोजत बसतं. टार्गेट ६५०० केल्विन (पांढऱ्या रंगाची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतात ते), ब्राइटनेस १२० निट्स (उजेडाचं एकक), आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त फरक ब्राइटनेसनेच पडतो, नवा मॉनिटर बहुतेक वेळा इतका भगभगीत असतो की आपण फोटो गडद करत जातो आणि प्रिंट काळपट येते. प्रोफाइल, म्हणजे या मोजणीतून बनलेली रंग दुरुस्त करणारी फाइल, लागल्यावर थोडा वेळ सगळं पिवळट वाटतं, मग डोळे सरावतात.

लगेच कास पठारावरच्या फुलांचे फोटो उघडले. तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा, दोन्ही इतके स्वच्छ वेगळे दिसतायत की बघतच बसलो! कोणाला करून हवं असेल तर सांगा, यंत्र रविवारपर्यंत माझ्याकडेच आहे.