कोयत्याचं खुरपं

लोखंड जळतं हे मला या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. गंजतं, वाकतं, वितळतं, इथपर्यंत ठाऊक होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पलीकडच्या एका गावात, एका लोहारकाकांच्या भट्टीत मी कुणा तिसऱ्याच माणसाच्या कोयत्याची पात जाळली. तीही त्यांच्या नातवाला मला लोहारकाम किती येतं हे सांगता सांगता. तेव्हा बेळगावात काय बघावं, कुठे उतरावं हे ज्यांना हवंय त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

आधी 'मला लोहारकाम येतं' याचा खुलासा करते. गेलं दीड वर्ष मी व्हिंटेज स्टोरी नावाचा गेम खेळतेय. जंगलात रिकाम्या हाताने उभं करतात आणि म्हणतात, जग. गारगोटी ठोकून चाकू करा, माती कालवून मडकी करा, वाळकं गवत, काटक्या, लाकडं रचून ती खड्ड्यात भाजा. मग जमिनीवर सांडलेले तांब्याचे खडे वेचत फिरायचं. 20 खड्यांची एक लगड. कुदळीला एक, हातोड्याला एक, म्हणजे 40 खडे झाले की माणूस अश्मयुगातून सुटला. पहिल्या खेपेला मी तांब्याची मूस साध्या लाकडांवर ठेवून बसले होते. रात्र उलटली, तांबं ढिम्म. तांब्याला 1084 अंश लागतात आणि गेममधलं जळण 700 च्या वर जात नाही, हे मला तीन गठ्ठे लाकूड संपल्यावर उमगलं. मग खड्डा खणा, त्यात लाकडं रचून वरून बुजवा, कोळसा पाडा. लोणारी लोक हेच करायचे, हे मला आईने सांगितलं, आणि वर 'एवढं कळायला कॉम्प्युटर कशाला लागतो' हेही.

पुढे तांब्याची ऐरण ओतायला 9 लगडी लागतात, म्हणजे 180 खडे. ऐरणीशिवाय करवत होत नाही, करवतीशिवाय फळी नाही, त्यामुळे तोवर आपण बिळातल्यासारखे राहतो. मग कासं, त्यात 8 ते 12 टक्के कथील. त्या कथिलासाठी मी तीन आठवडे डोंगर पोखरले. (आजीच्या काशाच्या वाटीत ते याच्या दुपटीच्या आसपास असतं. तळपायाला तूप चोळताना कोणी हिशोब करत नाही म्हणून बरं.) आणि मग लोखंड. ते भट्टीतून गोळा होऊन निघतं, कीट भरलेलं, आणि ऐरणीवर ठोकून ठोकून कीट झाडावं लागतं. ठोकणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. लगड बारीक बारीक ठोकळ्यांची असते, एकेक ठोकळा डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकवत आकार काढायचा, जास्तीचा तोडायचा. चुकून आतला तोडला की गेला. दोनशे तास मोडल्यावर लोखंडाची करवत माझ्या हातात आली तेव्हा मी खरोखर उठून उभी राहिले होते.

एवढी शिदोरी घेऊन मी मामाकडे निघाले.

बसने पहाटे पावणेपाचला बेळगावच्या बाहेर हायवेवर उतरवलं. 'स्टँडला जाते' असं तिकीट काढताना सांगितलं होतं, त्यावर आता बोलून उपयोग नाही. पहिला दिवस किल्ल्यात गेला. तिथल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताला दगडी कमळ टांगलंय, 1204 सालचं. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघितलं आणि हे छिन्नीने केलेलं आहे, छिन्नी कुणीतरी घडवलेली आहे, ती रोज बोथट होत असणार, असले विचार आले. गेमचा परिणाम. संध्याकाळी खडेबाजारात इतकी गर्दी की कुंद्याच्या दुकानापर्यंत मी चाललेच नाही, लोकांनी मला नेलं.

दुसऱ्या दिवशी मामी घ्यायला आली आणि आम्ही खानापूरच्या लाल बसमध्ये बसलो. इथे एक अपमान नोंदवून ठेवते. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना जून 2023 पासून साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत. मामीने आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. माझं कार्ड बघितलं, पत्ता पुणे. "तुमचे द्या." मामी खिडकीबाहेर बघत हसत होती. सीमाप्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा इतका स्वस्तात आणि इतका जवळून कळला.

मामा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं काढून आता भात आणि काजू बघतो. रात्री जेवताना मी त्याला फुशारकीने सांगितलं की गेममध्ये तांब्याची, काशाची कुदळ साच्यात ओतता येते, लोखंडाची नाही, ती ठोकूनच करावी लागते. मामा भाताचा घास हातात धरून थांबला. "मग आम्ही तीस वर्षं काय ओतालो होतो?" मी म्हटलं, लोखंडाला 1538 अंश लागतात, मूस तेवढी तापतच नाही. तो म्हणाला, "अगे, बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कोळशातला कार्बन मुरतोय, तीन-चार टक्के. मग बाराशेच्या आतच पाणी होतंय त्याचं. खरं ते बीड ठोकायचं नसतंय. फुटतंय." (इथे 'खरं' म्हणजे 'पण'. मला ते कळायला दोन दिवस लागतात, परतल्यावर सुटायला आठवडा.) "तुझ्या गेमवाल्याला एकदा क्युपोला, बीड वितळवायची भट्टी, दाखवून आण," असं म्हणून तो ताटावरून उठला, आणि सकाळी चहाच्या आधीच म्हणाला, चल, ठोकायचं बघायचंय ना तुला.

भट्टी गावाच्या टोकाला, चिंचेखाली. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला पोतं लोंबतंय. आत गेल्यावर काहीच दिसेना. मला वाटलं, गरिबी. काका म्हणाले, "उजेडात लोखंडाचा रंग दिसत नाही." एवढंच बोलले, आणि मी गप्प झाले. गेममध्ये तापलेल्या लगडीवर बाण नेला की आकडा दिसतो, इतके अंश. इथे तो आकडा अंधारात डोळ्यांनी वाचायचा होता.

मृगाच्या आधीचे दिवस, म्हणजे लोहाराचा हंगाम. दारात फाळ, कुदळी, विळे, कोयते यांचा ढीग, प्रत्येकाला चिंधी नाहीतर सुतळी बांधलेली, तीच पावती. काका बसून, डाव्या हातात सांडशी, उजव्यात छोटा हातोडा. आणि समोर उभी राहून घण मारणाऱ्या काकू. साठीच्या असतील. पदर खोचलेला, घण डोक्यामागून यायचा आणि काकांच्या हातोड्याने जिथे टिचकी मारली असेल तिथेच, अगदी तिथेच पडायचा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांचा हातोडा लोखंड सोडून ऐरणीवर दोनदा मोकळा टिणटिणला की काकू थांबायच्या, घण खाली टेकवायच्या, घाम पुसायच्या. मी अर्धा तास नुसती त्या टिणटिणीकडे लक्ष लावून होते.

ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा छिन्नीने तोडून कोयते चालले होते. लाल झालेला तुकडा हातोड्याच्या निमुळत्या बाजूने ठोकला की तो त्या दिशेला सरकतो, लोणी सुरीने सारावं तसा. एक कण वाया जात नव्हता, नुसती जागा बदलत होता. हे मात्र मला येत होतं! डाव्या बाजूला जास्त झालंय, टोकाकडे ढकलायला हवं, हे मला काकांच्या हातोड्याआधी दिसत होतं, आणि पुढचा घाव तिथेच पडला की मी आतल्या आत टाळी वाजवायचे. दोनशे तास अगदीच पाण्यात गेले नव्हते.

मी मारू का विचारलं तर काकांनी पंख्याकडे बोट केलं. भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आहे. दीड तास मी तोच फिरवला. जोरात फिरवला तर "कोळसा फुकट चाललाय", हळू फिरवला तर "झोपलीस काय गे?" दंडाची वाट लागली. मध्ये चहा आला, काळा, गुळाचा, आणि तो पितानाही एका हाताने फिरव म्हणाले. पाहुणचार म्हणतात तो हाच असेल तर मला तो आवडला. उगाच खुर्ची दिली असती तर मी दहा मिनिटांत फोटो काढून परतले असते.

मग काका पोतं बाजूला सारून बाहेर गेले, एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्याशी कन्नडमध्ये काहीतरी, मग हसणं, मग पुन्हा मराठीत काकूंना, "तो फाळ कुठं ठेवलीस?" काकू फाळ शोधायला गेल्या. भट्टीत एक पात होती, जवळजवळ पूर्ण झालेली, नुसतं शेवटचं तापवायचं राहिलेलं. पंख्यावर मी. आणि शेजारी त्यांचा नातू, सातवीतला, माझ्या फोनवर माझ्या करवतीचा व्हिडिओ बघत.

"हे काय करालीस?" त्याने विचारलं. मी सांगायला लागले. तांबं, कासं, कोळशाचा खड्डा, सगळं. हात फिरतोय, तोंड चालू आहे. कथिलाच्या डोंगरापाशी पोचले होते तेव्हा भट्टीतून फुलबाज्यासारखा तडतड आवाज आला. पांढऱ्या ठिणग्या. मला ते सुंदर वाटलं. पोरगा मात्र ओरडला, "आज्जा, जळालं!"

काका पळत आले नाहीत. आले, सांडशीने पात काढली. टोकाकडची चार बोटं पांढरीफटक, त्यातून अजून ठिणग्या. त्यांनी ऐरणीवर ठेवून हातोडा टेकवल्यासारखा मारला आणि शिळा पाव चुरगळावा तसा तेवढ्या लोखंडाचा चुरा झाला. माझ्या गेममध्ये लगड भट्टीत विसरली तर कोळसा संपतो, लगड तशीच असते. इथे पोलाद पांढरं होईपर्यंत तापवलं तर हवा आत शिरते, कण कणापासून सुटतो, आणि मग ते पुन्हा तापवून, ठोकून, कशानेच जुळत नाही. हे मला काकांनी सांगितलं नाही, रात्री मामाने सांगितलं. काका फक्त म्हणाले, "रंग बघायचा असतोय." सुंभ जळाला तरी पीळ राहतो म्हणतात, पोलादाचा पीळही उरत नाही.

मी सॉरी म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही. काकांनी जळकं टोक छिन्नीने तोडून टाकलं, उरलेल्याकडे जरा बघितलं आणि म्हणाले, "ये, हाण आता." घण नाही, छोटा हातोडा दिला. दहा-बारा घाव घातले असतील. पहिले तीन भलतीकडे, चौथ्याला पात काळी पडली होती, "गार झालं, हाणू नको," मग परत भट्टीत. यावेळी पंख्यावर काकू आणि माझी नजर निखाऱ्यातून हलली नाही. पान आखूड झालं, रुंद झालं, मान वळली. कोयत्याचं खुरपं झालं.

मग पाणी दिलं. हे मी जवळून बघितलं. चेरीसारखं लाल झाल्यावर नुसती धार डोणीत बुडवली, चर्रर्र, लगेच बाहेर. विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केली आणि पोतं वर करून उजेडात धरली. मागच्या गरम भागातली धग धारेकडे यायला लागली तसे रंग सरकू लागले. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मागोमाग जांभळा. "पिवळ्यावरच बुडवलं तर दात पडत्यात. निळं होऊन गेलं तर धार वळतीय." जांभळा धारेला टेकला त्या क्षणी सबंध खुरपं पाण्यात. पिवळ्याला साधारण 230 अंश आणि निळ्याला 300, म्हणजे सत्तर अंशांचा खेळ, आणि तो चालला चार श्वास. गेममध्ये गरम वस्तू पाण्यात टाकायचे ती हात पोळू नये म्हणून.

कोयतावाला दुपारी आला. काका त्याला म्हणाले, "नाळे बर्री." उद्या या. तो काही न बोलता गेला. माझ्याकडे बोटही दाखवलं नाही.

निघताना मी पैसे विचारले. मनात होतं, 'असू दे गे पोरी' म्हणतील, मग मी आग्रह करीन. काका म्हणाले, "साडेतीनशे." कोयत्याची पूर्ण किंमत. मी दिली. नोटा मोजून त्यांनी खिशात घातल्या आणि खुरपं कन्नड पेपरात गुंडाळून हातात दिलं.

चौथ्या दिवशी आम्ही गोकाकला गेलो. मे महिन्यात तिथे धबधबा नसतो, धबधब्याचा डाग असतो.

परतायच्या सकाळी मामीने खुरपं पेपरातून काढलं, अंगठा आडवा फिरवून धार बघितली आणि परसात जाऊन दोन वाफे खुरपून आली. "बरं लागतंय. हे इथंच ठेव, पुण्यात काय करालीस ह्याचं?" मग हात धुता धुता विचारलं, "कितीला दिलं?"

"साडेतीनशे."

"खुरप्याला?" तिने नळ बंद केला. "दीडशेला मिळतंय की गे. फसवलं तुला. थांब, मी जाऊन विचारते त्यास्नी," म्हणून ती चपला घालायला लागली, आणि मग मला सगळं सांगावं लागलं.