डाव्या दाराखालची जागा

एकवीस वर्षं झाली मला स्टिअरिंगवर बसून. गाडी स्वतःची, दहा टायरचा ट्रक. लातूरच्या एमआयडीसीतून तूरडाळ भरायची, हैदराबादला खाली करायची, येताना जो माल मिळेल तो घेऊन परत. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यामुळे आपल्याला गाडीच्या चारी बाजू कळतात, असं मी धरूनच चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे सात वाजलेले, म्हणजे लातुरात क्लासला जाणाऱ्या पोरापोरींची गर्दी. मला डावीकडे वळायचं होतं. लांब गाडीला वळण बसायचं तर आधी थोडी उजवीकडे काढावी लागते, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागे जात नाहीत, आतून कापत येतात. मी इंडिकेटर देऊन गाडी उजवीकडे काढली, आरशात बघितलं, मोकळं दिसलं, आणि वळवली. तेवढ्यात चहाच्या टपरीवरची माणसं दोन्ही हात वर करून ओरडायला लागली. मी ब्रेक दाबला.

उतरून पलीकडे गेलो. डाव्या दाराखाली, पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, एक मुलगी स्कूटी धरून उभी होती. गाडी उजवीकडे सरकली म्हणून तिला वाटलं, ट्रक तिकडेच चाललाय, आणि ती मोकळ्या जागेतून पुढे निघाली. तिची काहीच चूक नव्हती. तिला लागलं नव्हतं, पण हँडलचा आरसा माझ्या दाराला घासून उलटा झाला होता. थरथरत होती बिचारी. मला म्हणाली, "काका, मी तुम्हाला दिसले नाही का?"

"नाही बाळा, खरंच दिसली नाहीस," एवढंच बोलता आलं मला.

माझा भाचा माझ्या गाडीवर क्लीनर आहे. रात्रभर ताडपत्री बांधून दमला होता म्हणून मागच्या बाकावर झोपला होता. एरवी तो डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारतो, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. इतकी वर्षं माझी डावी बाजू कुणा ना कुणा क्लीनरचे डोळेच बघत होते, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

त्याच आठवड्यात गाडी रिकामी होती तेव्हा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उभी केली. मी सीटवर बसलो, भाच्याच्या हातात चुन्याची पिशवी दिली. त्याने गाडीभोवती सावकाश फिरायचं, आणि मला काचेतून किंवा आरशातून तो दिसेनासा झाला की मी हॉर्न वाजवायचा. हॉर्न वाजला की तिथे चुना टाकायचा. अर्ध्या तासाने खाली उतरून बघितलं आणि पोटात गोळा आला. डाव्या दारापासून बाहेर पसरलेली एवढी जागा, की तिथे बैलांसकट बैलगाडी उभी राहिली असती. दुसरी जागा बंपरसमोर. माझे डोळे जमिनीपासून आठ-एक फुटांवर, त्यामुळे भाचा बंपरला लागून खाली बसला की पार गायब. उजवीकडे मात्र जरासाच पट्टा, कारण तिकडे मी स्वतः बसतो, मान बाहेर काढता येते.

मग आरशांच्या मागे लागलो. आधी स्वस्तात भागवायला बघितलं. कारला लावतात तसली आरशाची छोटी गोल चकती दुकानदाराने दिली, मोठ्या आरशावर चिकटवायची. तिचा काही उपयोग झाला नाही. डावा आरसा माझ्या डोळ्यांपासून दोन मीटरच्या वर लांब, त्यात तीन इंचाची चकती. तिच्यात माणूस मुंगीएवढा. शिवाय मे महिन्याच्या उन्हात डिंक सुटला आणि ती वाटेतच कुठेतरी पडली. ट्रकवाल्यांनी त्यावर पैसे घालू नयेत असंच मी सांगेन.

दुसऱ्या खेपेला आठ इंची गोल, फुगीर काचेचे दोन आरसे आणले. एक डाव्या दाराच्या वर, थेट खाली बघणारा, ज्यात डावं पुढचं चाक आणि दाराखालची जमीन दिसते. दुसरा काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून दांडीवर पुढे काढलेला, बंपरसमोरचं दाखवणारा. स्कूल बसला असतो तसा.

वेल्डिंगवाल्याने पाइपची एक-एक दांडी लावून दिली. गाडी स्टार्ट केली आणि आरशातलं सगळं थरथरायला लागलं. इंजिन नुसतं चालू असलं तरी दाराखालची जमीन चाळणीतल्या पिठासारखी हलताना दिसायची. माणूस आहे की सावली, काही उमजेना. दुसऱ्या दिवशी परत गेलो, प्रत्येक दांडीला खालून तिरका टेकू मारून घेतला आणि बोल्टखाली जाड रबराचे वॉशर घातले. तेव्हा कुठे चित्र ठरलं. पुढे एकदा बाभळीच्या फांदीने डावा आरसा फोडला. आता दांडीला बिजागरी आहे, धक्का लागला की आरसा आत दबतो.

आणखी एक चूक केली होती, ती मोठी होती. डावा गोल आरसा मी जुन्या आरशाला चिकटून लावला होता. दोन आरसे आणि केबिनचा खांब मिळून एक भिंतच झाली, आणि चौकात डावीकडून येणारा पायी माणूस तिच्यामागे आख्खा लपायला लागला. एक आंधळी जागा झाकायला गेलो आणि दुसरी तयार केली. आरसा वर सरकवून मध्ये हाताच्या पंजाएवढी फट ठेवली. तरी चौकात आल्यावर मी अंग पुढे घेऊन खांबाच्या पलीकडे एकदा बघतोच.

आरसे लावले तेही चुन्याच्या रेघांवरच. भाचा रेघेवर उभा, मी सीटवर, वेल्डिंगवाला शिडीवर. भाच्याचे पाय आरशात दिसले की बोल्ट आवळायचा. गाडीजवळ उभं राहून नुसत्या अंदाजाने आरसा लावला तर तो आभाळ तरी दाखवतो नाहीतर आपलीच ताडपत्री.

खरा वेळ गेला तो बघायला शिकण्यात. फुगीर काचेत सगळं लहान आणि लांब दिसतं. पहिल्या आठवड्यात जोड ट्रॉलीचा उसाचा ट्रॅक्टर ओलांडला, गोल आरशात ट्रॅक्टर बराच मागे पडलेला वाटला, म्हणून डावीकडे यायला लागलो, तर भाचा किंचाळला, "मामा, अजून नाही!" ट्रॅक्टरचं तोंड आमच्या मागच्या चाकाजवळच होतं. तेव्हापासून नियम करून घेतला. गोल आरशात फक्त कुणी आहे की नाही हे बघायचं, अंतर मात्र जुन्या सपाट आरशातच जोखायचं. वळायच्या आधी सपाट, मग गोल, मग पुढचा, आणि वळताना परत गोल. हे विचार न करता व्हायला मला चार महिने लागले.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, युरोपात हे कधीचंच झालंय. नव्या मोठ्या ट्रकांना हे आरसे लागतातच, पण २००० सालापासून नोंदलेल्या जुन्या ट्रकांनाही ते मागाहून बसवावेत, असा कायदा तिथे २००७ साली केला आणि मार्च २००९ पर्यंतची मुदत दिली. तिथले बहुतेक ड्रायव्हर डावीकडे बसतात म्हणून त्यांची आंधळी बाजू उजवी. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचं दाखवणारा आरसा सक्तीचा आहेच, पण माझा घोळ मागे नव्हता, दाराखाली होता. आणि आता तर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. उन्हाळ्यात मराठवाड्यातून गाडी चालवणाऱ्याला ते हवंच होतं, मला मनापासून आनंद झाला. पण काचा बंद झाल्या की दारावरची थाप कोण मारणार? या नव्या गाड्यांवर आरसे तर जास्तच लागतील.

धुळीचं मात्र काही करता येत नाही. काळ्या मातीच्या रस्त्यावर दोन तासांत आरसा मळतो, हिवाळ्यात पहाटे दव धरतो. गाडी थांबली की भाचा आधी ओल्या फडक्याने आरसे पुसतो, मग चहा.

एक जागा अजून तशीच आहे, फाळक्याच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीच्या, मागची. तिथे माझा कुठलाच आरसा पोचत नाही. गाडी मागे घ्यायची झाली की भाचा उतरतो, मागे जाऊन लेकरं-जनावरं बघतो आणि डाव्या बाजूला येऊन उभा राहतो. त्याचा चेहरा आरशात दिसेपर्यंत मी रिव्हर्स टाकत नाही.